नरीचा रस्सा

फॉर्मचा सहावा रकाना: पदार्थाचे नाव.
सातवा: नावाचा अर्थ.
आठव्यात फोटो चिकटवायचा.

सहाव्यात मी लिहिलं, नळीचा रस्सा.
सयतराकाकीनं मोठ्यानं वाचायला लावलं
आणि खवळली.
"नळी कोन मन्ते इथं? नरी लिव."
खोडून नरी लिहिलं.
पंचायत समितीचा पोरगा मागच्या वर्षी हेच वाचून
विचारत होता, नारी का?
म्हणजे बचत गटाचं आहे का?

चुलीत ऐनाची ओली फांदी धुमसतेय.
वर बांबूच्या ताटीवर मरळ,
पाठीतून चिरून वहीसारखी उघडलेली,
तिसऱ्या दिवशी गुळाच्या ढेपेच्या रंगाला आलेली.
धूर लागू द्यायचा, जाळ नाही.
जाळानं मासा शिजतो,
धुरानं थांबतो.
पाहुणा थांबतो तसा, काकी म्हणते,
खाऊन-पिऊन, निवांत.

नळी म्हणजे बोकडाच्या पायाचं हाड,
एवढं मला शाळेतल्या मराठीनं शिकवलंय.
या गंजात हाड नाही.
चिंचेचं पाणी आहे, लसूण आहे,
लाखोळीच्या पिठाची दाट पेज आहे
आणि मासा.
मग नरी कुठं आहे काकी?

"होती," ती म्हणाली.
"तुया आज्याच्या आज्याच्या येळी."

दसऱ्याला मालगुजाराकडं बोकड पडायचा.
मांड्या, काळीज, बरगड्या
ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणं जायच्या.
वर्षभर तलावात जाळं ओढणाऱ्या ढिवरांना
चार नळ्या.
चार नळ्या, बावीस घरं.
एकाच्या गंजातून काढून दुसऱ्याच्या गंजात,
सुंभाला बांधून, लेकराच्या हाती,
वाटेत कुत्र्याला हाकलत.
पहिल्या घरी चव.
दुसऱ्या घरी वास.
तिसऱ्या घरापासून पुढं
नुसतं नाव.

"मंग तिसऱ्या घरच्या बाईनं
ताटीवरची मरळ तोडून टाकली गंजात.
लेकरं विचारत, काय हाय?
ते मने, नरी.
खोटं नोहतं.
नाव तं आलंच होतं ना घरी,
त्याले उपाशी कसं ठेवाचं?"

निकेश, तिच्या बहिणीचा,
जहाजावर भांडी घासता घासता स्वयंपाकी झाला.
त्याचा आवाज काल फोनमध्ये आला,
मागं वारा, कुणीतरी परक्या भाषेत हसतंय.
मावशी, स्कॉटलंडात आहे. थंडी विचारू नको.
इथं कलन नावाचं एक गाव आहे समुद्राकाठी,
त्याच्या नावाचा रस्सा, कलन स्किंक.
धुरावलेला मासा, बटाटे, कांदा, दूध.
स्किंक म्हणजे काय, इथल्या एका म्हातारीला विचारलं.
म्हणाली, नळी. गुराच्या पायाची.
आधी तिचंच सूप व्हायचं,
मग नळी गेली, मासा आला,
शब्द तेवढा राहिला.
मावशी, ऐकतेस ना?

काकीनं दोनदा ऐकलं,
फोन उलटा धरून.
"दूध? मासोळीत?
कोड फुटन रे अंगावर!"
आणि डोईवरून पदर ओढून
बराच वेळ चुलीकडं बघत राहिली.

मी सातव्या रकान्यात लिहिलं, तिसरं घर.
मग वाटलं, हे कुणाला कळणार,
पांढरी शाई लावली.
शाई वाळेपर्यंत फोटो काढला,
त्यात वाफच आली सगळी,
वाफेत काकीच्या दोन बांगड्या.

"त्याले इचार," ती एकदम म्हणाली.
काय?
"थ्या गावात
मांस कोन खात होता?"

मी तसंच टाइप केलं, तिच्या बोलीत,
र ला र ठेवून.
खुणा दोन आल्या, अजून निळ्या नाहीत.
तिकडं रात्र असेल, किंवा समुद्र.
काकीनं पळी बुडवली,
तळाशी ठक्क वाजलं.
"मरळीचा काटा हाय," ती म्हणाली,
मी विचारलं नव्हतं तरी.